किती साखळ्या घालू? क्रोशाच्या ब्लँकेटच्या मापाचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "पॅटर्नमध्ये १२६ खांबांची ओळ आणि ९० सेंमी रुंदी दिली होती. लोकर त्याच जाडीची घेतली, सुई तीच ५ मिमीची, टाकेही मोजून १२६ घातले. तरी बाळाचं ब्लँकेट १०५ सेंमी रुंद झालं आणि लोकर कमी पडली. आता सोफ्यावर बसून अंगावर घ्यायला १३० बाय १६० सेंमीचं ब्लँकेट करायचं आहे, लहरींच्या विणीचं. पॅटर्नमध्ये १४ च्या पटीत अधिक ३ साखळ्या असं लिहिलंय, पण माप माझ्यापेक्षा वेगळं आहे. मी किती साखळ्या घालू?"

साखळ्यांचा, म्हणजे पहिली ओळ ज्यांवर विणायची त्या पायाच्या फासांचा, आकडा मी आत्ता सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. पण तो काढायचा कसा, हे मात्र पूर्ण सांगते.

आधी बाळाच्या ब्लँकेटचं बघू. १२६ खांब, म्हणजे क्रोशाचे नेहमीचे उंच टाके, ९० सेंमीत म्हणजे पॅटर्न लिहिणारीच्या हाताने १० सेंमीत १४ खांब बसतात. तुमचे १२६ खांब १०५ सेंमीत बसले, म्हणजे १० सेंमीत १२. तुमचा हात सैल आहे, एवढंच. चूक नाही ही. हस्ताक्षरासारखा प्रत्येकीचा हात वेगळा असतो. सुई आणि लोकर सारखी असूनही १० सेंमीमागे दोन टाक्यांचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. लोकर का संपली तेही यातच आलं. टाके तेवढेच, पण तुमचा प्रत्येक टाका साधारण सहाव्या हिश्शाने मोठा, म्हणून लोकरही साधारण तेवढीच जास्त गेली.

एक शंका इथेच काढून टाकू. इंग्रजी पॅटर्नमध्ये नावांचा घोळ असतो. अमेरिकी पॅटर्नमधला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमधला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, साधारण निम्म्या उंचीचा टाका. ब्रिटिश लोक आपल्या खांबाला 'ट्रेबल' म्हणतात. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं की तो अमेरिकी समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. पण असा घोळ झाला असता तर तुमच्या ओळींची उंची जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी झाली असती आणि ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. तुमची रुंदी थोडीच हलली आहे, म्हणजे प्रश्न हाताचाच.

ते बिघडलेलं ब्लँकेट बाजूला टाकू नका बरं का. तुमच्या हाताने विणलेला एवढा मोठा सँपल दुसरा कुठला मिळणार? त्याच लोकरीत, त्याच सुईने साधे खांब विणणार असाल तर १० सेंमीत १२ हा आकडा डोळे मिटून वापरा. समजा १३० सेंमी रुंदी हवी आणि दोन्ही बाजूंना ३-३ सेंमीची बॉर्डर आहे, तर मधला भाग १२४ सेंमी. १२४ ला १.२ ने गुणलं की १४८.८, म्हणजे १४९ खांब. साखळ्या घालायच्या १५१, पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो आणि उरलेल्या १४८ साखळ्यांत १४८ खांब. मुक्या खांबाला मात्र टाक्यांपेक्षा एकच साखळी जास्त, कारण तिथे वळणाची साखळी टाका म्हणून मोजत नाहीत.

लहरींना हा हिशेब चालत नाही, आणि बहुतेक जणी फसतात त्या इथेच. लहरींच्या विणीत शिखरावर टाके वाढवतो, दरीत कमी करतो, त्यामुळे ओळ तिरकी वरखाली जाते. १४ टाके सरळ ओळीत तुमच्या हाताने पावणेबारा सेंमी भरतील, पण लहरीत ते आक्रसून कितीतरी कमी जागा घेतात. म्हणून लहरींत टाके मोजू नका, लहर मोजा. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत किती सेंमी, हेच तुमचं एकक.

त्यासाठी सँपल विणावा लागेल. हो, माहीत आहे, कुणालाच आवडत नाही. चार लहरींचा घ्या: १४ गुणिले ४ म्हणजे ५६, अधिक ३, अशा ५९ साखळ्या आणि त्यावर १२ ओळी. यापेक्षा लहान नको. पहिल्या काही ओळींवर साखळीचा घट्टपणा असतो आणि कडेचे टाके नेहमीच वेडेवाकडे असतात. मोजायचं ते मधलंच. तुकडा टेबलावर सपाट ठेवा, ताणू नका, पहिल्या शिखरापासून तिसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर घ्या आणि निम्मं करा. शिवणकामाच्या जुन्या टेपपेक्षा साधी कडक पट्टी बरी, कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेली असते.

माझं पहिलं मोठं ब्लँकेट मी ५ सेंमीत सात टाके मोजून सुरू केलं होतं. सात दुणे चौदा, झालं. खरे ते साडेसहा होते, आणि तो अर्धा टाका मी उदार मनाने पूर्ण धरला. १५० सेंमीसाठी २१० टाके घातले. १० सेंमीत १३ च्या हिशेबाने ते झाले साधारण साडेएकशे एकसष्ट (१६१.५) सेंमी. ओळ लांब असल्यामुळे ते लक्षात यायलाही आठ दिवस लागले. तेव्हापासून अर्धा टाका दिसला की अर्धाच लिहिते, आणि १० सेंमीपेक्षा कमी जागेत मोजत नाही. मोजण्यातली चूक लहान असते, गुणाकार तिला मोठी करतो.

आता सँपल धुवा. ब्लँकेट पुढे जसं धुणार तसंच: मशीनमध्ये तर मशीनमध्ये, हाताने तर हाताने. पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. सुती धागा आटू शकतो. ॲक्रिलिक, ज्याला आपण सरसकट लोकरच म्हणतो, ते धुतल्यावर बहुधा थोडं सैलावतं. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा जोराची वाफ मात्र नको, त्याचा धागा कायमचा लुळा पडतो. दोन्ही मापं वहीत लिहून ठेवा, धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं. हिशेब धुतल्यानंतरच्या मापाने करायचा. पण विणताना मांडीवरचं ब्लँकेट न धुतलेलं असतं, तेव्हा ते पडताळायला पहिलं माप लागतं. हे न केल्यामुळे चांगल्या चाललेल्या ओळी घाबरून उसवणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

समजा तुमची लहर न धुता ९ सेंमी आणि धुतल्यावर ९.२ सेंमी आली. (हे आकडे उदाहरणाचे, तुमचे तुम्ही घाला.) १३० मधून बॉर्डरचे ६ सेंमी वजा केले तर १२४. १२४ भागिले ९.२ म्हणजे १३.४८. अर्धी लहर घेता येत नाही. १३ लहरी घेतल्या तर ११९.६ सेंमी, १४ घेतल्या तर १२८.८. बॉर्डर धरून एक १२५.६, दुसरं १३४.८. दोन्ही साधारण साडेचार सेंमीने चुकतात.

अशा वेळी विणीशी झटापट करू नका, बॉर्डर हलवा. १३ लहरी ठेवा आणि बॉर्डर ३ ऐवजी ५ सेंमीची करा, १२९.६ झाले. मुक्या खांबांच्या सहा-सात ओळींत ५ सेंमी भरतात. मी बॉर्डर शेवटी ठरवते ती याचसाठी. मधला भाग विणीच्या पटीत चालतो, तिथे आपलं काही चालत नाही. उरलंसुरलं सगळं बॉर्डरमध्ये मुरवायचं.

म्हणजे साखळ्या: १४ गुणिले १३ म्हणजे १८२, अधिक ३, एकूण १८५. तो 'अधिक ३' एकदाच मिळवायचा. कडा पूर्ण व्हायला आणि ओळ वळवायला लागणाऱ्या साखळ्या असतात त्या, लहरीशी त्यांचा संबंध नाही. कंसाची जागा चुकवून १७ गुणिले १३, म्हणजे २२१ साखळ्या घालणाऱ्या काही कमी नाहीत. त्यात पहिली ओळ विणून शेवटाला टाके उरतात आणि दोष पॅटर्नला दिला जातो.

लांबीचं गणित त्यामानाने सोपं आहे, आणि चुकलं तरी ओळी वाढवता-कमी करता येतात. सँपलमधल्या मधल्या ८ ओळी उभ्या मोजा. १२ सेंमी आल्या तर एक ओळ दीड सेंमीची. १६० भागिले १.५ म्हणजे १०६.७. एकरंगी असेल तर १०७ वर थांबा. पट्टे असतील तर आधी पट्ट्यांचा विचार करा. चार ओळींचा एक पट्टा धरला तर १०८ ओळींत २७ पट्टे, १६२ सेंमी. तीन रंग आळीपाळीने घेतले तर प्रत्येकाचे नऊ पट्टे, पण ब्लँकेट एका रंगाने सुरू होऊन दुसऱ्याच रंगाने संपेल. दोन्ही टोकांना एकच रंग हवा असेल तर पट्टे २५ किंवा २८ हवेत, म्हणजे १५० किंवा १६८ सेंमी. मला विचाराल तर सोफ्यासाठी २८ घ्या. पाय बाहेर राहणारं ब्लँकेट कुणी दुसऱ्यांदा उचलत नाही. पुढचा हिशेब मी तुम्ही सांगितलेल्या मापाजवळच्या २७ पट्ट्यांवर करते. लांबी मोजताना मात्र दरीपासून दरीपर्यंत किंवा शिखरापासून शिखरापर्यंत मोजा. खालच्या दरीपासून वरच्या शिखरापर्यंत टेप लावली तर लहरीची खोली उगाच लांबीत धरली जाते.

१३० बाय १६० हे माप कुठून आणलं हेही एकदा स्वतःला विचारा. सोफ्यासाठी ते चांगलं आहे, १२५ ते १३० बाय १५० ते १६० ही नेहमीची मापं आहेत. पण पलंगासाठी करायचं झालं तर तयार तक्त्यांवर जाऊ नका, गाद्यांची मापं सगळीकडे सारखी नसतात. गादीची रुंदी घ्या, दोन्ही बाजूंना किती लोंबायला हवं ते ठरवून त्याची दुप्पट मिळवा. लांबीला फक्त पायाकडचं लोंबणं मिळवा, उशीवर घ्यायचं नसेल तर उशीची जागा वजा करा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घरातलं आवडतं पांघरूण मोजणं.

सुईबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. स्वेटर विणताना गेज, म्हणजे १० सेंमीत किती टाके बसतात ते, जुळवायला सुई बदलावीच लागते, तिथे अंगाचं माप असतं. ब्लँकेटला मी सुई गेजसाठी बदलत नाही, कापड कसं पडतं ते बघून बदलते. सँपल हातावर टाकून बघा. पुठ्ठ्यासारखा उभा राहिला तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या, जाळीसारखी बोटं दिसायला लागली तर लहान. पोत मनासारखा झाला की मग जे गेज येईल ते येईल, आकडे आपण बदलू. पॅटर्न लिहिणारीच्या १४ टाक्यांपर्यंत पोचण्यासाठी सैल हाताच्या बाईने बारीक सुईने आवळून विणत बसण्यात काही अर्थ नाही. मनगट दुखतं आणि ब्लँकेट ताठ होतं.

लोकर किती लागेल तेही त्याच सँपलवरून काढा. चार लहरी म्हणजे ३६.८ सेंमी, १२ ओळी म्हणजे १८ सेंमी, क्षेत्रफळ साधारण ६६२ चौरस सेंमी. वजन केलं, समजा ३२ ग्रॅम भरलं. मधला भाग ११९.६ गुणिले १६२ म्हणजे साधारण १९,३७५ चौरस सेंमी, सँपलच्या सव्वाएकोणतीस पट. लोकर ९३६ ग्रॅम. दोन्ही बाजूंची ५ सेंमीची बॉर्डर साधारण ८० ग्रॅम. वर दहा टक्के टोकांसाठी आणि हाताच्या लहरीसाठी. साधारण १,११८ ग्रॅम झाले, म्हणजे १०० ग्रॅमचे १२ गुंडे. पण हे एका रंगाचं. तीन रंगांत प्रत्येकाला ३१२ ग्रॅम आणि वर दहा टक्के म्हणजे ३४३, म्हणजे चार-चार गुंडे. ज्या रंगाची बॉर्डर त्याचे पाच. १२ चे १३ झाले, कारण प्रत्येक रंगाचा एक गुंडा अर्धवट उरतो. सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक सारखा आहे का पाहा. नंतर आणलेला गुंडा दिव्याखाली तोच दिसतो आणि दिवसा उजेडात पट्टा उठून दिसतो.

आता प्रत्यक्ष सुरुवात. १८५ साखळ्या मोजताना दर १४ साखळ्यांवर एक मार्कर लावा, नसेल तर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. कुणीतरी मध्येच हाक मारणारच असतं. आठ-दहा साखळ्या जास्तीच्या घाला. पहिली ओळ झाल्यावर उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या सरकगाठीच्या टोकाकडून सोडवता येतात, कमी पडलेल्या मात्र सहज वाढवता येत नाहीत. साखळी घालायला सुई अर्धा ते एक मिलिमीटर मोठी घ्या. सैल हाताच्या बायकासुद्धा साखळी घट्ट घालतात. मग खालची कड आत ओढली जाते आणि ब्लँकेटचा पंखा होतो.

पाच-सहा ओळी झाल्या की जमिनीवर सपाट पसरून मोजा. मांडीवर किंवा हातात उचलून नको, वजनाने ते लांबतं. आपल्या उदाहरणात न धुतलेली लहर ९ सेंमीची, म्हणजे १३ लहरी ११७ सेंमी दिसायला हव्यात. दोन-तीन सेंमी इकडेतिकडे असेल तर पुढे जा. पाचाहून जास्त फरक असेल तर आत्ताच उसवा. सहा ओळींचं दुःख साठ ओळींपेक्षा बरं. लांब ओळीत हात रंगात आला की तो सँपलपेक्षा सैल पडू शकतो, त्यामुळे फरक दिसला तर सँपलला दोष देऊ नका. पहिला गुंडा संपला की पुन्हा एकदा बघा: वरच्या हिशेबाने एका गुंड्यात साडेअकरा ओळी निघायला हव्यात. दहाच निघाल्या तर लोकर आत्ताच वाढवून घ्या, लॉट मिळतोय तोवर.

दर चार ओळींनी लहरी मोजा. टाके मोजायची गरज नाही, १३ शिखरं आहेत आणि दोन्ही कडा सारख्या आहेत एवढं पुरे. कडेचा टाका दर ओळीला हरवत असेल तर बहुतेक वेळा वळणाच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात शेवटचा खांब घालायचा राहतो.

हे सगळं वाचून डोकं भणभणलं असेल तर एक पळवाट आहे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं विणायचं. त्यात सुरुवातीला रुंदी ठरवावीच लागत नाही, एक चौकट विणून सुरू करायचं आणि कड १३० सेंमी भरली की त्या बाजूने वाढवणं थांबवून कमी करायला लागायचं. दुसरी बाजू १६० होईपर्यंत वाढत राहते. चौकट २.१ सेंमीची असेल तर ६२ बाय ७६ चौकटी आणि एकूण १३७ तिरक्या ओळी होतात. ग्रॅनी स्क्वेअरही तसाच, मधून बाहेर वाढणारा, हवा तिथे थांबवता येणारा. फक्त ग्रॅनीमध्ये अर्धे फेरे झाले म्हणजे अर्धं काम झालं असं समजू नका. पहिल्या फेऱ्यात तीन खांबांचे ४ गट, दुसऱ्यात ८, विसाव्यात ८०. वीस फेऱ्यांचे एकूण ८४० गट, त्यातले पहिल्या दहांत फक्त २२०. लोकरीचा अंदाज निम्म्या फेऱ्यांवरून बांधला की शेवटच्या पाच फेऱ्यांना लोकर उरत नाही.

राहिली बॉर्डर. उभ्या कडेवर मुके खांब किती घालायचे? दर ओळीच्या कडेत दोन, असं सगळीकडे वाचाल. तुमची ओळ दीड सेंमीची आणि मुके खांबही १० सेंमीत १२ बसत असतील, तर पाच ओळींच्या साडेसात सेंमीत नऊ मुके खांब हवेत. म्हणजे चार ओळींत दोन-दोन आणि पाचवीत एक. दहा-दहा घातले तर कडेला झालर येईल. आधी एक वीतभर घालून ब्लँकेट जमिनीवर टाका. कड फुलली तर टाके कमी करा, आत ओढली गेली तर वाढवा, आणि तेच प्रमाण दुसऱ्या कडेलाही ठेवा. वरखालची बाजू लहरीचीच राहू द्या. ती सरळ करायला दरीत उंच खांब आणि शिखरावर मुके खांब घालतात, पण इतक्या कष्टाने आणलेली लहर टोकाला येऊन झाकायची कशाला?